औषधाच्या आधी नाव

दिवाळी अंकासाठी लेख मागायला संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जन्मभर नर्सिंग केलंत, मोठमोठी माणसं तुमच्या हाताखालून गेली असतील. त्यांच्याबद्दल लिहा ना." मी म्हटलं, "बाई, माणूस केवढाही मोठा असला तरी आमच्यासमोर तो पालथा झोपलेला असतो आणि आमच्या हातात सुई असते. त्यात त्याचा मोठेपणा कुठे दिसणार?" त्या हसल्या, पण लेखाचा तगादा काही सोडेनात. शेवटी ठरवलं, बाकीच्या नोकरीचं राहू दे, परीक्षेबद्दल लिहावं. नर्सिंगच्या शाळेत शिरताना आणि तिथून बाहेर पडताना जे घडलं, त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. औषध देण्याआधी माणसाचं नाव घ्यायचं. खाट कोणती, चेहरा ओळखीचा आहे का, यावर विसंबायचं नाही. आता रोग्याच्या मनगटाला नावाची पट्टी बांधतात, मशिनवर वाचतात म्हणे. आमच्या वेळी मशीन म्हणजे आमचा गळा. मोठ्यानं पूर्ण नाव घ्यायचं, माणसानं 'ओ' दिली की मगच औषध पुढे करायचं. वाचायला हे फार सोपं वाटतं. माझ्यासाठी मात्र अख्ख्या अभ्यासक्रमात याहून अवघड दुसरं काही नव्हतं.

मी चाकणच्या अलीकडच्या एका वाडीतली. वडील मी लहान असतानाच गेले. मराठी सातवी, म्हणजे तेव्हाची फायनल, पास झाले आणि त्याच वर्षी लग्न झालं. दोन पावसाळे नांदले. मग नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि मला माहेरी आणून सोडलं. भांडण नाही, मारहाण नाही. उसनं आणलेलं जातं परत करावं तसं परत केलं. आमच्याकडे अशा बाईला 'टाकलेली' म्हणतात. टाकलेली बाई कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, वटपौर्णिमा करते, आणि दुसऱ्यांच्या रानात कांदे काढायला जाते.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा पिंपरीला होता. तिथं औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि दादा बांधकामावर वॉचमन होता. त्याला स्वयंपाक करून घालायला म्हणून मी त्याच्या खोलीवर आले. शेजारी फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची छावणी होती आणि छावणीत एक दवाखाना होता. एक दिवस दादाच्या पायात पत्रा घुसला, म्हणून त्याला घेऊन मी तिथं गेले. सिस्टर जखम धूत होत्या. रक्त पाहून दादानं मान फिरवली, त्याच्याबरोबर आलेला मुकादम बाहेर जाऊन बसला. मी रक्ताच्या पाण्याची चिलमची धरून उभी होते. सिस्टरनं मान वर करून विचारलं, "भीती नाही वाटत गं?"

"कशाची? गाय विते तेव्हा याच्याहून जास्त असतं."

त्या सालोमीबाई. नगरकडच्या ख्रिस्ती, उंच, करड्या आवाजाच्या. पट्टी बांधून होईपर्यंत त्यांनी माझी सगळी कहाणी काढून घेतली आणि दादाला सांगितलं, "हिला पुण्याला नर्सिंगला घाला. मराठी सातवी झालेल्या मुलींना घेतात. तयारी मी करून घेते."

दादा बिचकला. हे काम चांगल्या घरच्या बायकांचं नाही अशी तेव्हाची समजूत. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, घाण उचलायची, कुठल्या जातीचा कोण त्याचा पत्ता नाही. पण दादाच्या पायावर सालोमीबाईंनी बांधलेली पट्टी होती. तिच्याकडे बघत तो एवढंच म्हणाला, "आईला मी सांगतो."

मग तयारी सुरू झाली. दुपारी दवाखाना रिकामा झाला की बाई मला बसवायच्या. प्रवेशाला शुद्धलेखन, गणित आणि थोडं इंग्रजी असायचं. गणितात अपूर्णांक जास्त, कारण औषधाचं सगळं काम अर्ध्या-पाव भागाचं. इंग्रजी अक्षरं मी औषधांच्या बाटल्यांवरून शिकले. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं मला सी म्हटलं की कॅट आठवायची नाही, कॅस्टर ऑइल आठवायचं. पट्ट्या बांधायचा सराव जुनं धोतर फाडून दादाच्या गुडघ्यावर केला. तो बिचारा कामावरून दमून येऊन पाय पसरून बसायचा, आणि मी चुकले की म्हणायचा, "आवळ की जरा. गुडघा काय कारखान्याचा न्हाई, आपलाच हाय."

लेखी परीक्षा नीट गेली. गाडी अडली ती मुलाखतीत. मेट्रनबाई गोव्याकडच्या होत्या, मराठी बोलायच्या पण तुटक. त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण विचारलं. मी धडाधडा उत्तरं दिली. मग विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मी पदर सारखा केला.

आजच्या मुलींना सांगायला हवं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं अशी समजूत. लग्नकार्यात उखाण्यात गुंफून घ्यायचं, ते तेवढ्यापुरतं. एरवी त्या नावाचा दुसरा कोणी असला तरी त्याला हाक मारायची नाही. माझ्या आईनं वडील गेल्यावरसुद्धा त्यांचं नाव कधी घेतलं नाही.

मेट्रननं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ."

आळंदी आमच्या उशाशी. ज्ञानेश्वरांचा धाकटा भाऊ सोपान हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण मेट्रनबाईंना काय ठाऊक? त्यांनी पेन उचललं. "भावाचं नको. नवऱ्याचं सांग."

"तेच सांगतेय, बाई. मुक्ताबाईंचे थोरले भाऊ."

"ही मुक्ताबाई कोण? तुझी नणंद?"

शेवटी बाहेर बसलेल्या दादाला आत बोलावलं. तो लंगडत आला आणि म्हणाला, "सोपान." मेट्रननं डोक्याला हात लावला, पण मला घेतलं. मागाहून सालोमीबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "त्यानं तुला टाकली आणि तू त्याचं नाव जपतेस? वॉर्डात अडशील गं एक दिवस," म्हणाल्या.

वॉर्डात अडायला वेळ लागला नाही. पहिल्याच वर्षी माझ्याबरोबरच्या शांतानं, ती रत्नागिरीकडची, एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, एरंडेल तुम्हालाच सांगितलंय ना?" म्हातारा म्हणाला, "व्हय." तिनं पाजलं. वास्तविक त्याला हगवण लागली होती म्हणून तो दाखल झालेला, आणि एरंडेल होतं पलीकडच्या खाटेवरच्याचं. पुढचे दोन दिवस म्हाताऱ्याचे आणि आमचे कसे गेले ते दिवाळीच्या फराळाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. त्याला विचारलं, "बाबा, हो कशाला म्हणालात?" तर म्हणाला, "सरकार औशीद देतंय, तर न्हाई कशाला म्हनायचं?"

आमच्या लोकांचा हा स्वभाव. दवाखान्यात नाही म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. नर्सबाईनं प्रश्न विचारला की मान हलवायची, आणि शेजाऱ्याला जास्त औषध मिळालं तर आपल्यावर अन्याय झाला असं समजायचं. म्हणून रोग्याला 'तुम्हीच ना ते?' असं विचारायचंच नाही. आपणच पूर्ण नाव पुकारायचं आणि ज्याचं असेल त्याची ओ ऐकायची.

आणि आमच्या भागात सोपानांचा काय तोटा? महिन्याकाठी एखादा तरी पुरुषांच्या वॉर्डात दाखल व्हायचाच. तसा कोणी आला की मी शांताला गाठायची. "तू माझी औषधं वाट, मी तुझी भांडी उचलते." भांडी म्हणजे कोणती ते कळलंच असेल. शांता खूश. नवऱ्याचं नाव घ्यायला लागू नये म्हणून मी शिक्षणाची सगळी वर्षं जगाची घाण उचलली. आज हसू येतं, तेव्हा त्यात काही विनोदी आहे असं वाटत नव्हतं. त्याच्यावर माझा राग होता. पण त्याचं बरंवाईट व्हावं असं नव्हतं मनात. आणि खरं सांगायचं तर, ते नाव तोंडात येत नव्हतं तोवर मी कोणाची तरी बायको होते. माझ्याकडे संसारातलं तेवढंच उरलं होतं.

शेवटच्या परीक्षेचा सुमार आला आणि सासरहून निरोप आला. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला मूल होत नव्हतं, शेतावर माणूस कमी पडत होतं. यमुनेला पाठवा, झालंगेलं विसरू, असा निरोप. मी सुट्टीला वाडीवर गेले होते. आई चुलीपुढे बसून म्हणाली, "यमे, नवरा आपणहून बोलावतोय. टाकलेल्या बाईला असं कोन बोलावतं? देवानं ऐकलं म्हन."

आईवर मी कधी रागावले नाही. पाणवठ्यावर, लग्नाकार्यात लोक काय बोलायचे ते तिलाच ऐकावं लागत होतं. मी पुण्याला होते. दादानं मधला मार्ग काढला. "परीक्षा हुं दे. पास झाली तर तिचं ती बघंल. नापास झाली तर आई म्हनती तसं." आईनं मान हलवली. मीही हलवली. नापास झाले असते तर पुन्हा बसायला शाळा देत होती, पण घरचा शब्द पुन्हा मिळणार नव्हता.

लेखी झाली. तोंडी झाली. राहिली प्रात्यक्षिक. त्याला बाहेरगावचे परीक्षक येत, एक डॉक्टर आणि एक मेट्रन. प्रत्येक मुलीला एक रोगी नेमून देत. त्याचं अंथरूण बदलायचं, नाडी बघायची, औषध द्यायचं. परीक्षक बोलत नाहीत आणि तुम्हालाही त्यांना काही विचारता येत नाही. नुसती पेन्सिल चालते.

मला मिळाला पुरुषांच्या वॉर्डातला भिंतीकडेचा रोगी. खाटेच्या पायथ्याशी टांगलेला कागद वाचला. हृदयाचा विकार. पायांना सूज. औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ. आणि वर नाव, सोपान बाबाजी.

त्या दिवशी कोणाची भांडी उचलून सुटका नव्हती. शांता वॉर्डाबाहेर आपल्या पाळीची वाट बघत बसली होती.

मी हात धुतले. बाटली घेताना लेबल वाचलं, थेंब मोजताना वाचलं, बाटली परत ठेवताना वाचलं. हे हृदयाचं औषध मोठं बिलंदर. ज्याचं त्याला तारतं आणि भलत्याला मारतं. ट्रे घेऊन खाटेशी आले. म्हातारा कांबळं ओढून पडला होता. नाडी बघितली. चादर बदलायला कांबळं बाजूला केलं, तर पाय दिसले. काटक, सुरकुतलेले, टाचांना भेगा. सुजेचा मागमूस नाही.

मनात म्हटलं, औषधानं उतरली असेल. तसं होतंही.

"बाबा, औषध तुमचंच ना?" माझ्या तोंडून गेलं.

"व्हय की. द्या."

ते 'व्हय' माझ्या ओळखीचं होतं. एरंडेलवाला म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहिला. मी घाईनं विचारलं, "तुमचं नाव काय, बाबा?"

"नावाचं काय करताय, बाई? औशीद द्या की."

परीक्षक डॉक्टर एक पाऊल पुढे आले. मेट्रनची पेन्सिल थांबली. औषधाचा ग्लास माझ्या हातात तसाच होता. एकदा तर वाटलं, उखाणा घ्यावा आणि मोकळं व्हावं. पण कोणता घेणार? 'चांदीच्या ताटात' वगैरे, आणि समोर ताटाच्या जागी थुंकीचं भांडं. मला एकाएकी सगळ्याचा संताप आला. तिकडे नवरा मजेत नांदतोय, आणि मी इथं त्याचं आयुष्य वाढावं म्हणून एका परक्या म्हाताऱ्याचं आयुष्य पणाला लावून उभी आहे.

मी मान वर केली आणि मोठ्यानं हाक मारली, "सोपान बाबाजी!"

आमच्या रानात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारतात तशी ती गेली. अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला.

"ओऽ! हितं हाय मी!" आवाज व्हरांड्यातून आला.

तिकडे उन्हात भिंतीला टेकून एक थोराड म्हातारा बसला होता. पाय सुजून खांबासारखे झालेले. आडवं झालं की दम लागतो, म्हणून तो पहाटेच उठून बाहेर जाऊन बसला होता. त्याची खाट भिंतीकडेची, वारा न लागणारी, म्हणून शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तिच्यावर येऊन पडला होता. माझ्या हातातला ग्लास बघून तो शेजारी म्हणाला, "मंग आमाला न्हाई का काई?"

डॉक्टर म्हणाले, "थांबलात का, सिस्टर? तुमचा पेशंट तिकडे आहे." बस, एवढंच. पण 'सिस्टर' म्हणाले.

मी व्हरांड्यात गेले. नियमाप्रमाणे पुन्हा नाव घेतलं, नाडी पाहिली, औषध पाजलं. दुसऱ्यांदा घेताना जीभ अडली नाही. म्हाताऱ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "लई दिसांनी कुनी नावानं हाक मारली, बाई. घरात बी बाबा, हितं बी बाबा. मला वाटलं, माझं नाव कागदावरच राहिलं." मला रडू आलं. परीक्षेत रडल्याचे गुण कापतात की काय ठाऊक नाही, पण मी त्याच्या पाठीशी उशी लावायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

आभाळ कोसळलं नाही. वॉर्डातल्या घड्याळानं टोले दिले, कोणीतरी पाणी मागितलं, परीक्षकांनी पुढच्या मुलीला बोलावलं. माझं मंगळसूत्र होतं तिथंच होतं. मात्र ज्या नावाला मी इतकी वर्षं देव्हाऱ्यात ठेवलं होतं, ते आता एका सुजलेल्या पायांच्या भल्या म्हाताऱ्याचं नाव झालं होतं.

पास झाल्याचं कळलं तेव्हा सालोमीबाईंनी विचारलं, "कशी मारलीस हाक? दाखव." मी दाखवली. छावणीतली माणसं दारं उघडून बाहेर आली. बाईंनी मला पोटाशी धरलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं.

सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली. रुजू होण्याआधी मी वाडीवर गेले, तर ओसरीवर माझे धाकटे दीर बसलेले. शेजारी हिरवं लुगडं, खण, नारळ. आईनं दादाला दिलेला शब्द मोडला नव्हता, पण पाहुण्याला येऊ नका असंही कळवलं नव्हतं. चुलीवर चहा उकळत होता. आई माझ्याकडे बघत नव्हती.

दीर म्हणाले, "वहिनी, न्ह्यायला आलोय. नोकरी काय, बाईमाणसाला शोभती व्हय? आमचा दादा म्हनला, समदं इसरून या. काय सांगू त्याला?"

माझा दादा दारात उभा होता. तो काही बोलणार, तेवढ्यात मी पदर खोचला. आवाज चढवला नाही. वॉर्डातल्यासारखा स्वच्छ काढला, एवढंच.

"सोपानरावांना सांगा, मी येत न्हाई."

आईच्या हातातली सांडशी तशीच राहिली. दीर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नकारापेक्षाही त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला होता. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्या नावातच मिळालं होतं. त्यांनी लुगडं, खण, नारळ पिशवीत भरले आणि चहा न घेता उठले.

ते बांध ओलांडून दिसेनासे झाले तरी आई चुलीपुढेच होती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं चहा गाळला. दीरासाठी काढलेला कप माझ्यापुढे सरकवला. खाली बघूनच म्हणाली, "घेतलंस नाव?"

"घेतलं, आई."

ती पदराशी चाळा करत राहिली. मग दाराकडे एकदा बघून, दादालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, चुलीतल्या निखाऱ्यांना सांगावं तसं म्हणाली, "तुकाराम." आणि लाजली.

माझ्या वडिलांचं नाव मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.